जुन्या गाडीची पॉवर विंडो कधी चालते, कधी नाही: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

काच अर्ध्यावर अडकली की बहुतेक वेळा पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, "मोटर गेली, साहेब." मग नाशिकच्या द्वारका परिसरात दोन दुकानं पालथी घातली जातात. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून कोणाकडून तरी जुनी मोटर मागवली जाते. ती बसते, आठवडाभर काच सुरळीत चालते आणि पुन्हा तिथेच अडकते.

माझ्या १९९४ च्या टाटा सिएराच्या डाव्या काचेचं हेच झालं. मोटर बदलून दिली गेली, पैसे घेतले गेले आणि पुढच्याच रविवारी इगतपुरीच्या पावसात ती काच पूर्ण उघडी अडकली. बिघाड होता दाराच्या बिजागरीजवळ, रबरी नळीतल्या एका तुटक्या वायरमध्ये. मोटर बदलताना ती वायर हलली, तात्पुरती चिकटली आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं. जुनी मोटर मी नंतर परत बसवली, ती आजही चालते.

कधी चालते आणि कधी चालत नाही अशा काचेत मोटर ही शेवटी संशय घ्यायची गोष्ट आहे. त्याआधी तारा, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी परतीची वाट), स्विच आणि काचेचं चॅनेल (काच ज्या खाचेतून सरकते ती), या क्रमाने जायचं. सिएरा, एस्टेट, कॉन्टेसा, एस्टीम, सिएलो किंवा डब्ल्यू १२४ मर्सिडीज, यांपैकी कोणतीही असली तरी मूळ रचना सारखीच असते. मोटरला फक्त दोन वायरी येतात. काच वर न्यायची तर एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ, खाली आणायची तर उलट. ही अदलाबदल स्विच करतो. हे नीट लक्षात ठेवलंत तर पुढचं निम्मं निदान दार न उघडताच होतं.

## आधी जमवायचं सामान

डिजिटल मल्टिमीटर, तीन मीटर लांबीची वायर आणि तिच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिप, हेडलाइटचा ५५ वॅटचा एक जुना बल्ब दोन वायरी जोडून, २० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, मास्किंग टेप, दाराच्या क्लिप काढायचा प्लास्टिकचा पाना, कॉन्टॅक्ट क्लीनर, सिलिकॉन स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, ब्युटाइलची चिकटपट्टी. क्लिपा आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. जुन्या दाराच्या दोन-तीन क्लिपा हमखास तुटतात आणि मग तीन क्लिपांवर लटकलेलं दाराचं पॅड (आतलं आवरण) वर्षभर खडखडत राहतं.

बल्बचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही. वायरच्या तीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर आनंदाने १२ व्होल्ट दाखवतो. मोटरला मात्र चालताना ५ ते १० अँपिअर लागतात आणि अडकली तर २० च्या वर. ती एक तार एवढं वाहू शकत नाही. म्हणून "सप्लाय येतोय" असं लोड न देता म्हणणं म्हणजे काहीच न तपासणं. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. तो लख्ख पेटला तर सप्लाय खरा.

## टप्पा १: हात लावण्याआधी लक्षणं लिहा

वही घ्या आणि इतकं लिहा: कुठली काच, वर जाताना की खाली येताना, मुख्य स्विचवरून की त्या दाराच्या स्विचवरून, गाडी थंड असताना की उन्हात, पाऊस झाल्यावर की एरवीही, दार उघडं असताना की बंद. मग रात्री किंवा गॅरेजच्या अंधारात छताचा दिवा लावा, इंजिन बंद ठेवा, इग्निशन चालू करा आणि स्विच दाबून दिव्याकडे बघा.

दिवा मंदावला पण काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय. मग अडथळा काचेच्या चॅनेलमध्ये, मशीनमध्ये (काच वर-खाली नेणारी यंत्रणा) किंवा मोटरमध्ये.

दिवा जराही हलला नाही, तर करंट वाटेतच तुटलाय. स्विच, वायर, फ्यूज किंवा अर्थ. क्वचित मोटरचे कार्बनही (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश).

आता दिशा बघा. काच खाली जाते पण वर येत नाही आणि वरचं बटण दाबताना दिवा मंदावत नाही, तर दोष जवळपास नक्की स्विचचा. कारण दोन्ही दिशांना त्याच दोन वायरी आणि तीच मोटर लागते. वायर तुटली असती तर खालीही गेली नसती. पण वरचं बटण दाबताना दिवा मंदावत असेल, तर घर्षणाकडे वळा. वर ओढताना काचेचं वजनही मोटरवर येतं.

शेजारच्या सीटची काच दोन्हीकडून बंद असेल तर घाईने त्या दाराचा स्विच बदलू नका. बहुतेक गाड्यांत त्या दाराच्या स्विचला मिळणारा प्लस किंवा अर्थ ड्रायव्हरकडच्या मुख्य स्विचमधून फिरून येतो. मुख्य स्विचचे पॉइंट (आतले एकमेकांना टेकणारे धातूचे भाग) काळे झाले की शिक्षा डाव्या काचेला होते.

तपासा: काच थांबते आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप पुन्हा चालते का? तसं असेल तर थर्मल सर्किट ब्रेकर किंवा मोटरमधला कटआउट तापून तुटतोय. तो आपलं काम बरोबर करतोय. त्याला तापवणारं कारण शोधायचं आहे, आणि ते बहुतेक टप्पा ६ मध्ये सापडतं.

## टप्पा २: बॅटरी आणि फ्यूज

इंजिन बंद, गाडी तासभर उभी. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४. हे नसेल तर आधी चार्जिंगचं बघा, बाकी सगळं नंतर.

फ्यूज डोळ्यांनी बघून चालत नाही. काढा, त्याचे पाय आणि बॉक्समधली जागा घासून साफ करा, परत घट्ट बसतो का बघा. जुन्या बॉक्समध्ये पकडणारे पत्रे सैल होतात, तापतात, फ्यूजभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं. तपकिरी डाग दिसला तर तिथे जोड कच्चा आहे.

सावधान: फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. मग फ्यूजऐवजी दारातली वायर जळते, आणि ती तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर असते.

## टप्पा ३: दाराचं पॅड काढणं

शक्य असेल तर काच पूर्ण वर घ्या आणि मास्किंग टेपचे तीन-चार पट्टे काचेवरून दाराच्या चौकटीपर्यंत ओढून चिकटवा. अडकली असेल तर असेल तिथेच टेप लावा आणि आतून लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या.

आर्मरेस्टच्या खाचेत, हँडलच्या मागे, गोल टोपीखाली लपलेले स्क्रू शोधा. सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढायचं नाही. तीस वर्षांच्या हार्डबोर्डला पावसाचं पाणी लागलेलं असतं, क्लिपेच्या जागी तो बिस्किटासारखा तुटतो. पाना नेमका क्लिपेच्या खाली घालून एकेक सोडवा.

आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल, किंवा दिसणार नाही, कारण आधीच्या कोणीतरी तो फाडून फेकलेला असतो. असेल तर हळूच एका बाजूने सोडवा. तो पाणी दाराच्या आतच ठेवतो आणि पॅडपर्यंत येऊ देत नाही.

## टप्पा ४: मोटरच्या तोंडाशी व्होल्ट मोजा

या कामाचा जीव इथे आहे. घाई करू नका.

मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) काढू नका. जोडलेलाच ठेवा. वायर कपलरमध्ये जिथून शिरते तिथून मागच्या बाजूने दोन बारीक टाचण्या आत सरकवा, दोन्ही वायरींच्या धातूला टेकतील अशा. त्या टाचण्या एकमेकींना किंवा दाराच्या पत्र्याला लागू देऊ नका. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एकाला स्विच दाबायला सांगा आणि तुम्ही आकडा बघा.

११ च्या वर आणि मोटर गप्प: मोटर संशयित, टप्पा ७ कडे जा. ११ च्या वर आणि काच रडतखडत सरकते: घर्षण, टप्पा ६. आठ-नऊ: वाटेत व्होल्ट पडतायत. शून्य: वाट तुटलीय.

आठ-नऊ आले तर ते कुठे हरवले हे शोधायची पद्धत सोपी आणि पक्की आहे. लांब वायर बॅटरीच्या प्लसला लावा, तिचं दुसरं टोक मीटरच्या एका दांडीला. दुसरी दांडी मोटरच्या ज्या वायरवर या क्षणी प्लस येतोय तिथे. स्विच दाबून आकडा घ्या. ही प्लस बाजूची गळती. मग लांब वायर बॅटरीच्या मायनसला आणि दांडी मोटरच्या दुसऱ्या वायरला. ही अर्थ बाजूची गळती.

समजा स्विच दाबलेला असताना बॅटरीवर १२.४, मोटरवर ८.६, प्लस बाजूला ०.९ आणि अर्थ बाजूला २.९ आले. शेवटचे तीन मिळवा: १२.४. बेरीज जुळली म्हणजे मोजणी बरोबर. जुळली नाही तर टाचणी नीट लागलेली नाही, पुन्हा घ्या. आणि दोषी कोण हेही कळलं. २.९ अर्थ बाजूला हरवतायत, तर प्लसच्या वायरी चाचपत बसायचं कारणच नाही. चांगल्या वायरिंगमध्ये प्रत्येक बाजू अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहायला हवी.

आता त्या बाजूने एकेक जोड मागे सरकत जा: मोटरचा कपलर, बिजागरीच्या अलीकडचा कपलर, स्विचची आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर, अर्थचा बोल्ट. आकडा जिथे एकदम खाली येतो, दोष त्या दोन बिंदूंच्या मध्ये.

अर्थचा बोल्ट सापडला की नुसता घट्ट करू नका. काढा, पत्र्यावरचा रंग-गंज चकाकेपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवीन लावा, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी लावून बोल्ट आवळणारे बरेच दिसतात. आधी धातूला धातू टेकू द्या.

तपासा: दुरुस्तीनंतर तीच बेरीज पुन्हा करा. आकडे वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

### बिजागरीजवळची रबरी नळी

स्विच दाबून धरा आणि दार सावकाश उघडा-बंद करा. मध्येच काच हलली किंवा थांबली, तर दोष या नळीत. दार किती हजार वेळा उघडलं असेल याचा विचार करा. प्रत्येक वेळी वायर त्याच जागी वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. नळी दोन्ही टोकांनी सोडवून एकेक वायर हलकेच ओढा. तांबं शाबूत असेल तर वायर ताणत नाही. तुटलं असेल तर तेवढाच भाग रबरासारखा लांबतो.

बॅटरीचा मायनस काढा. तुटका तुकडा कापून दोन टोकं तिथल्या तिथे जोडू नका. जोड त्याच वाकणाऱ्या जागी आला आणि त्यावर डाख दिला तर तो भाग कडक होतो आणि जोडाच्या कडेला वायर पुन्हा तुटते. मऊ, बारीक तारांची २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर घ्या. एक जोड दाराच्या आत, एक डॅशबोर्डखाली, नळीपासून वीतभर लांब. दोन-तीन वायरींचे जोड मागे-पुढे ठेवा, एकाच जागी गाठोडं करू नका. क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नळीतल्या एकीला तडा गेलाय तर उरलेल्यांचीही वेळ आलेली असते. सगळ्या एकदाच बदला.

सेंट्रल कन्सोलवर स्विच असलेल्या मर्सिडीजसारख्या गाड्यांत दोन्ही बाजूंच्या मोटरच्या वायरी अशा नळ्यांतून जातात, त्यामुळे दोन्ही दारं बघा.

## टप्पा ५: स्विच

टप्पा ४ मध्ये स्विचच्या आत-बाहेर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असतील तरच स्विच उघडा. जुन्या गाड्यांत मोटरचा पूर्ण करंट या छोट्याशा स्विचमधून जातो. दर वेळी ठिणगी पडते, पॉइंट काळे पडतात, वर नाशिकची उन्हाळ्यातली धूळ आणि कोणीतरी सांडलेला चहा.

पांढऱ्या कापडावर, मोठ्या ताटात उघडा. आतल्या स्प्रिंगा आणि छोट्या गोळ्या उडतात आणि नवीन मिळत नाहीत. उघडण्याआधी आणि प्रत्येक थर काढल्यावर मोबाइलवर फोटो काढा. पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, जाड कागदाच्या पट्टीने पुसा. फारच काळे असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा. खरखरीत घासलं तर वरचा चांगला मुलामा जातो आणि महिन्याभरात पुन्हा काळे. गंज सोडवायचा स्प्रे स्विचमध्ये मारू नका. तो तेलकट थर सोडतो आणि धूळ पकडतो.

साफ करूनही स्विच तापत असेल, किंवा मूळ स्विच मिळतच नसेल, तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. प्रत्येक काचेला पाच पिनचे दोन. मोटरची एकेक वायर एकेका रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ ला बॅटरीकडून २० अँपिअरच्या फ्यूजमधून प्लस, ८७ए ला पक्का अर्थ. स्विचच्या वर आणि खालीच्या दोन जुन्या वायरी एकेका रिलेच्या ८६ ला, दोन्हींचे ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेचा किरकोळ करंट जातो. मला विचाराल तर तीस वर्षांच्या गाडीला ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे. पण आधीचे दोष काढल्यावर. कच्च्या अर्थवर रिले बसवून काही साधत नाही.

## टप्पा ६: काच हाताने सरकते का?

जिथे शक्य आहे तिथे मशीन काचेपासून सोडवा आणि दोन तळव्यांमध्ये धरून काच वर-खाली करा. सगळीकडे सारख्या जोराने सरकायला हवी. एखाद्या जागी ओढावी लागली तर मोटरही तिथेच तापते.

एप्रिल-मेमध्ये चॅनेलच्या मखमलीत धूळ भरते, जूनच्या पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि मग तो वाळून कडक होतो. त्र्यंबक रोडने नियमित ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उपाय: पातळ पट्टीला कापड गुंडाळून साबणाच्या पाण्याने चॅनेल आतून धुवा, दोनदा, मळ यायचा थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे. मखमल घासून रबर उघडं पडलं असेल तर चॅनेल नवीनच घाला.

सावधान: चॅनेलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. पहिले दोन दिवस काच पळते, महिन्याभरात त्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून रेतीकागद तयार होतो आणि काचेवर उभे ओरखडे उठतात. ग्रीसची जागा मशीनच्या दातांवर, सांध्यांवर आणि सरकणाऱ्या गुटक्यांवर.

काच तिरकी होऊन अडकत असेल तर मार्गदर्शक पट्टीचे बोल्ट थोडे सैल करा, काच पूर्ण वर नेऊन चौकटीत सरळ बसवा आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळा. सिएरासारख्या लांब दाराच्या मोठ्या काचेला हा फरक फार जाणवतो. नायलॉनचे गुटके झिजले असतील आणि मिळत नसतील, तर सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडे शाबूत नमुना घेऊन जा. छोटं काम आहे, करून मिळतं.

## टप्पा ७: आता मोटर

बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज लावून दोन वायरी आणा, मोटरचा कपलर काढा आणि थेट जोडा. मग उलट जोडा. दोन्हीकडे जोरात फिरली तर मोटर चांगली, परत मागे जा. अधूनमधून फिरते, किंवा हलकेच ठोकल्यावर फिरते, तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. गुंगुं आवाज येतो पण काच हलत नाही, तर गिअर किंवा त्यातले नायलॉनचे गुटके तुटलेत.

फार सावधान: कात्रीसारख्या हातांच्या मशीनला मोठी गुंडाळी स्प्रिंग असते. मोटरच तिला अडवून धरते. तीन बोल्ट काढून मोटर बाजूला केलीत की दातेरी पट्टा क्षणात फिरतो आणि मध्ये आलेलं बोट चिरडतो. मोटर सोडवण्याआधी दातेरी पट्टा आणि मागचा पत्रा यांच्यातून बोल्ट आरपार घालून आवळा, किंवा व्हाइस ग्रिपने पक्का पकडा. हे न करता कोणाला मोटर काढू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो.

मोटर उघडली की जुनं, मेणासारखं झालेलं ग्रीस खरवडून काढा, कार्बन त्यांच्या खोबणीत मोकळे सरकतात का बघा, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो गोल भाग) पुसा. कार्बन मापाचे मिळाले तर घासून बसवता येतात. नवी मोटर यानंतर.

## टप्पा ८: दार बंद करण्याआधी

दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. कडुनिंबाची पानं आणि चिखल यांनी ती बुजतात, दारात पाणी साठतं आणि मोटर त्यात भिजते. तारेने मोकळी करा. बॅटरीचा मायनस जोडा आणि पॅड न लावताच काचेवर पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा. पाणी खालून वाहतंय, मोटरवर आणि कपलरवर धार पडत नाही, हे बघा. कपलरचं तोंड खाली असावं आणि वायरला त्याच्या आधी थोडा झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी कपलरमध्ये न जाता झोलाच्या तळाशी ठिबकतं.

नंतर प्लास्टिकचा कागद ब्युटाइलने चारही बाजूंनी चिकटवा. मूळचा गेला असेल तर जाड पॉलिथिनचा कापून घ्या. त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडा, पॅडच्या बाजूला नाही.

काच इंजिन चालू ठेवून सलग पाच वेळा वर-खाली करा, दोन्ही स्विचवरून. मोबाइलवर वेळ मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या काचेशी ताडून बघा. पाचव्या फेरीला पहिल्यापेक्षा ठळकपणे जास्त वेळ लागत असेल तर कुठेतरी घर्षण शिल्लक आहे, पॅड लावू नका. सगळं जुळलं तर मोटरवरचे व्होल्ट, दोन्ही बाजूंची गळती आणि तारीख मास्किंग टेपवर लिहून ती टेप पॅडच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग क्लिपा दाबा.